मुक्या जिवांचे कैवारी श्रीगाडगेबाबा

पंढरीच्या वाटेने चालणाऱ्याला भूतदया नव्याने शिकवावी लागत नाही. पैठणच्या रेड्याची कथा, पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवरायांची कथा, रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी करणाऱ्या नाथांची कथा, ह्या साऱ्या आपण आजीच्या मांडीवर ऐकलेल्या आहेत. ऐकल्या, डोळे पुसले आणि उठून आपापल्या कामाला लागलो. कथेतले कुत्रे गोड वाटते. दारातले कुत्रे आले की हातात काठी येते. हे आमचेही असेच आहे, म्हणून लिहिण्याआधीच कबूल करून टाकतो.

ह्या कथा ज्यांनी नुसत्या सांगितल्या नाहीत, तर त्यांच्यासाठी गोठा बांधला, दावण घातली, कडब्याची गंजी लावली आणि गावोगावच्या माणसांना त्या कामाला जुंपले, अशा एका सत्पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. श्रीगाडगेबाबा म्हटले की लोकांना खराटा आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या खराट्याच्या आड त्यांचे दुसरे एक मोठे काम झाकून गेले आहे. ते म्हणजे मुक्या जनावरांचे. तेवढ्याच अंगाने हे चरित्र आपण पाहू.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट घराण्यात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबू. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले, त्यात शेतीवाडी गेली, शरीर गेले आणि शेवटी ते स्वतःही गेले. डेबू तेव्हा अगदी लहान होता. सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे ह्या गावी, भावाच्या आश्रयाला आली.

ह्या दापुऱ्याच्या रानातच डेबूची खरी शाळा भरली. पाटी-पुस्तक नशिबी नव्हते. मामाची गुरे राखणे हेच काम. सकाळी गुरे सोडावीत, दिवसभर रानात हिंडावे, नदीवर पाणी दाखवावे, त्यांच्या अंगा-खांद्याच्या गोचिडी काढाव्यात आणि दिवस मावळता घरी आणावीत. गुराख्याला जनावराची भाषा समजावी लागते. कोणती गाय आज चरली नाही, कोणत्या बैलाच्या खुरात काटा मोडला आहे, कोणते वासरू आईला मुकले म्हणून कोपऱ्यात उभे आहे, हे त्याला न सांगता कळले पाहिजे. पुढे ज्यांनी लाखो माणसांच्या मनातले न सांगता ओळखले, त्यांचे डोळे असे रानात तयार झाले, असे आम्हाला वाटते.

डेबू मोठा झाला, नांगर धरू लागला आणि पंचक्रोशीत त्याच्या शेतीची वाखाणणी होऊ लागली. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचे लग्न झाले. मामा चंद्रभानजी सावकाराच्या कागदात अडकले आणि जमीन हातची गेली, तेव्हा कर्ज आणि निरक्षरता ही कुणब्याच्या घरात शिरलेली दोन जनावरे कशी असतात हेही डेबूने पाहून घेतले.

मग आला मुलीच्या बारशाचा प्रसंग. त्या काळी त्यांच्या जातीत बारसे म्हटले की बकरे आणि दारू ठरलेली. भाऊबंद जमले, पाने मांडली, आणि पाहतात तो पानात बुंदीचे लाडू! बकऱ्याचे नाव नाही, बाटलीचा वास नाही. आता तुम्हीच विचार करा, चार घरांच्या जातीत ह्याचा केवढा गहजब झाला असेल! रूढी मोडली, पूर्वजांचा अपमान केला, असे बोल लागले. डेबूजी नम्रपणे हात जोडून उभे राहिले, पण पानातला पदार्थ बदलला नाही. दारूने बाप गेलेला त्यांनी पाहिला होता. आणि एका जिवाच्या आगमनाचा आनंद दुसऱ्या जिवाच्या मानेवर सुरी ठेवून करावयाचा, हे गुराखी राहिलेल्या त्या माणसाच्या मनाला पटले नाही. जनावरांच्या बाजूने त्यांनी उघडपणे टाकलेले हे पहिले पाऊल, आणि तेही आपल्याच उंबरठ्याच्या आत. आधी घर, मग गाव. उपदेश करणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१ फेब्रुवारी १९०५. वय तिशीच्या उंबरठ्यावर. ह्या दिवशी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर मडक्याचे खापर, हातात काठी. पुढे एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आली, हातात खराटा आला. खापरातच भाकर घ्यावी, त्यातच पाणी प्यावे, ऊन लागले की तेच डोक्यावर उपडे घालावे. लोक गाडगेबुवा म्हणू लागले. गावात शिरले की कोणाला काही न विचारता झाडावयास सुरुवात. दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावाच्या डोक्यातला कचरा कीर्तनाने काढायचा. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी यात्रेकरू चिखलात घसरून पडत, तेथे त्यांनी लोकांना हाताशी धरून काम सुरू केले आणि १९०८ साली घाट उभा राहिला. पैशाला हात लावावयाचा नाही, काम लोकांनी करावयाचे, आणि झाले की आपण पुढच्या गावाला निघून जायचे, ही बाबांची रीत तेथूनच पडली.

आता मुख्य विषयाकडे वळू.

त्या काळी जत्रा म्हटली की देवापुढे रक्ताचा सडा. मरीआई, म्हसोबा, खेड्याच्या वेशीवरची नाना दैवते. कुठे कोंबडे, कुठे बकरे, कुठे रेडा. पोर आजारी पडले की नवस, गावात पटकी आली की रेड्याची मिरवणूक. बरे, हा खर्च करणारा कोण? ज्याच्या घरी मिठाला पैसा नाही तो! सावकाराकडून पैसे आणून बकरे घ्यायचे आणि वर्षभर व्याज भरीत बसायचे. बाबांनी हे दुखणे दोन्ही बाजूंनी पाहिले. सुरीखाली मान एका मुक्या जिवाची जाते आणि दुसरी त्याच्या मालकाची. म्हणून त्यांच्या कीर्तनात कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, पोरांना शिकवा आणि देवाच्या नावाने जीव मारू नका, ह्या गोष्टी सुट्या सुट्या येत नसत. एकाच दोरीने त्या बांधलेल्या असत.

त्यांची सांगण्याची पद्धत प्रश्नोत्तरांची. आपल्या वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना विचारावयाचे, आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावयाचे. सर्व जीव देवाने निर्माण केले की नाही, हे आधी सगळ्यांकडून कबूल करून घेत. मग बकरे हे त्याच देवाचे लेकरू की नाही, ह्यावर येत. आणि कोणती आई स्वतःच्या लेकराचे मांस मागते, हे विचारले की सभा अशी गप्प होई की मशालीचा आवाज ऐकू यावा. त्यानंतर देवकीनंदन गोपाळाचा गजर सुरू झाला की त्या गप्प झालेल्या माणसांना रडताना लाज वाटत नसे.

१९३१ साली वरवंडे येथे बाबांच्या प्रबोधनामुळे पशुहत्या बंद झाली, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आहे. एका ओळीत नोंद करून चरित्रकार पुढे जातात, पण आम्हाला त्या ओळीपाशी थांबावेसे वाटते. अहो, गावची हत्या बंद झाली म्हणजे नक्की काय झाले? बळी हा काही एकट्याचा व्यवहार नसतो. पहिल्या बकऱ्याचा मान एका घराचा, सुरी धरण्याचा हक्क दुसऱ्याचा, मुंडीचा वाटा तिसऱ्याचा. शिवाय ह्या सगळ्यांच्या खाली भीतीचा पाया. देवी कोपेल, पटकी येईल, पोर दगावेल. बाबा तर दुसऱ्या दिवशी पहाटे खराटा उचलून पुढच्या गावाला गेलेले असत. मागे राहिला तो गावकरी. ज्या बाईने त्या वर्षी पहिल्यांदा नवसाचे बकरे दिले नाही, तिचे पोर पुढच्या महिन्यात तापाने फणफणले असते, तर साऱ्या गावाने बोट तिच्याकडेच दाखविले असते. तरी तिने बकरे दिले नाही! रात्रभर पोराच्या उशाशी बसून राहणाऱ्या अशा आयाबाया, मानाचा वाटा आपण होऊन सोडणारे म्हातारे, सुरी विहिरीत टाकून येणारे तरुण गावोगाव उभे राहिले असल्याखेरीज एकही जत्रा शुद्ध झाली नसती. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. बाबांचे थोरपण कोणी कमी करू म्हटले तरी होणार नाही. परंतु ह्या अनामिकांचे धैर्य त्याच तागडीत घालून पाहावे, असे आमचे नम्र म्हणणे आहे.

येथे कायद्याचीही एक गोष्ट सांगून टाकतो. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारा कायदा देशात १९६० साली झाला, म्हणजे बाबांच्या निर्वाणानंतर चार वर्षांनी. त्या कायद्यानेही धर्माच्या रूढीप्रमाणे होणारी हत्या गुन्हा धरलेली नाही. तसे त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा जे काम सरकारने कायद्याच्या बाहेर ठेवले, ते काम एका निरक्षर फकिराने टाळ-चिपळ्यांच्या बळावर तीस वर्षे आधीच हाती घेतले होते. शिपाई नाही, दंड नाही, तुरुंग नाही.

मारू नका असे सांगणे ही अर्धी गोष्ट झाली. मारले नाही, मग सांभाळणार कोण? हा प्रश्न बाबांनी टाळला नाही, हे त्यांच्या कार्याचे खरे मर्म. १९२५ च्या सुमारास मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षणाचे काम उभे केले. जोडीला धर्मशाळा आणि विद्यालय. मूर्तिजापूर हे रेल्वेचे जंक्शन, कापसाचे गाव, भोवती कुणब्यांची वस्ती. ज्या तालुक्यात डेबूने मामाची गुरे राखली, त्याच तालुक्यात निराधार गुरांना आसरा मिळाला. योगायोग म्हणा, ऋणमोचन म्हणा!

गोरक्षण चालविणे म्हणजे काय, हे ज्याने दावणीवर काम केले आहे त्यालाच ठाऊक. एक मोठे जनावर दिवसाला पाच-सहा किलो कोरडा चारा खाते आणि उन्हाळ्यात तीस-चाळीस लिटर पाणी पिते. म्हणजे वर्षाला एका जनावरामागे दोन टनांच्या आसपास चारा झाला. ते दूध देत नाही, नांगर ओढत नाही. फक्त खाते आणि तुमच्याकडे पाहते. शेणगोठा रोज काढावा लागतो, एकादशी असो की दिवाळी. पावसाळ्यात खुरांत किडे पडतात, ते धुऊन औषध भरावे लागते. बसलेल्या म्हाताऱ्या गाईला कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर अंगाला जखमा होतात. हे पैशाने होत नाही असे नाही. पण नुसत्या पैशाने मुळीच होत नाही. त्याला हात लागतात.

आणि हात जमविण्याची विद्या बाबांइतकी क्वचितच कोणाला साधली असेल. शेटजींकडून बाबांनी देणग्या घेतल्या, नाही असे नाही. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथल्या धर्मशाळा त्याशिवाय उभ्या राहिल्या नसत्या. पण ज्याच्यापाशी देणगी नाही त्याला त्यांनी कधी मोकळे सोडले नाही. कुणब्याच्या खळ्यावर कडबा आहे, कुटार आहे; तेली ढेप देऊ शकतो, सुतार गव्हाण ठोकून देईल, गवंडी भिंत घालील, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याजवळ दोन हात तर आहेत! अशा संस्था चालतात त्या ह्याच हिशेबाने. बाबा स्वतः सर्वांच्या आधी पाटी उचलीत, मग मागे कोण बसणार?

दुसरी एक गोष्ट त्यांनी कटाक्षाने पाळली. संस्थेच्या अन्नावर आपल्या नातलगांचा हक्क नाही, आणि आपलाही नाही. विश्वस्त नेमायचे, हिशेब त्यांच्याकडे द्यायचा आणि मोकळे व्हायचे. गाईच्या तोंडचा घास माणसाच्या घरात गेला की ती संस्था मेली समजा, हे त्यांनी चांगले ओळखले होते. आजही धर्मादाय कामे बुडतात ती बहुधा ह्याच खड्ड्यात.

ह्या चरित्रात एक प्रसंग असा आहे की तो लिहिताना लेखणी थबकते. १९२३ साली बाबांचा तरुण मुलगा गोविंद गेला. कुत्रे चावल्याचे निमित्त झाले. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनाला उभे होते. निरोप आला, तो त्यांनी ऐकला, आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. लोक ह्या प्रसंगात त्यांचे वैराग्य पाहतात. आम्हाला त्यात आणखी काही दिसते. ज्याचा मुलगा कुत्र्याच्या दाताने गेला, त्या बापाने कुत्र्यांचा किंवा कोणत्याही जनावराचा द्वेष केला असता तर जगाने त्याला दोष दिला नसता. परंतु मूर्तिजापूरचे गोरक्षण उभे राहिले ते ह्या घटनेनंतर दोन वर्षांनी, आणि वरवंड्याची हत्या थांबली ती आठ वर्षांनी. दया ही जनावराने आपल्याशी कसे वागावे ह्यावर अवलंबून ठेवली की ती सौदा होते. बाबांनी सौदा केला नाही.

आता आमची एक गोष्ट सांगावीच लागेल, नाहीतर हे सारे लिहिणे ढोंगाचे होईल. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरी एक म्हातारा बैल होता. बारा वर्षे त्याने आमची जमीन ओढली. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याची खांदमळणी करताना आम्ही पोरे त्याच्या वशिंडाला तूप-हळद चोळीत असू. त्या वर्षी कडब्याची पेंढी मिळेना. एका आठवडी बाजारी त्याला नेले आणि येताना दावे तेवढे हातात आले. कोणी काही बोलले नाही. आजी त्या रात्री जेवली नाही. त्याला कोणी विकत घेतले असेल, हे घरात सर्वांना कळत होते. घरातल्या वडील माणसांना आम्ही आजही दोष देत नाही. खाणारी नऊ तोंडे होती. पण तालुक्याला एखादे गोरक्षण असते, आणि गावोगावच्या चार माणसांनी त्याला चार पेंढ्या पोचविल्या असत्या, तर आजी जेवली असती. जनावर विकणारा दर वेळी निर्दय असतो असे नाही. पुष्कळदा तो एकटा असतो. बाबांनी हे ओळखले. म्हणून त्यांनी एकट्या माणसाला शिव्या दिल्या नाहीत, त्याच्या पाठीमागे गाव उभा केला.

१९५२ साली श्रीगाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेल्या कामांना एक छत्र मिळाले. बाबांचे शरीर थकले होते, पण पायांना स्वस्थता नव्हती. मुंबईतल्या जे. जे. इस्पितळात येणाऱ्या गरीब रोग्यांच्या नातलगांना राहावयास धर्मशाळा झाली ती १९५४ साली. म्हणजे जनावरांचा कळवळा म्हणून माणसाचा विसर, असे बाबांच्या ठायी कधी घडले नाही. लंगड्या-पांगळ्यांना पंगत, विद्यार्थ्यांना वसतिगृह, गाईला चारा. ताट वेगळे, वाढणारा हात तोच. त्यांच्या नावाने जी दशसूत्री आज जागोजाग भिंतींवर दिसते, तीत भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र ह्यांच्याच ओळीत मुक्या प्राण्यांना अभयही आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीपाशी वाटेतच बाबांनी देह ठेवला. आयुष्यभर वाटेवर असलेला माणूस वाटेवरच गेला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. तेथल्या विद्यापीठालाही पुढे त्यांचेच नाव दिले गेले.

बाबा म्हणत असत की आपला कोणी शिष्य नाही. मग त्यांचे काम पुढे कोणी चालविले? ज्यांनी चालविले ते शिष्य म्हणवून घेत नाहीत, एवढेच. २०२२ साली लंपीचा आजार आला, गुरांच्या अंगावर गाठी उठल्या, तेव्हा महाराष्ट्रात गावोगाव तरुण पोरे लसीच्या पेट्या घेऊन गुरांच्या डॉक्टरांबरोबर गोठे फिरली, कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी करून जखमा धुतल्या. त्यांतल्या कितीजणांनी बाबांचे चरित्र वाचले असेल कोण जाणे. खराटा मात्र त्यांच्या हाती तोच होता.

वाचकहो, आषाढीला आपण सारे पंढरीस निघाल. वाटेत आपल्या पायांबरोबर चार पायांचीही वारी चाललेली असते. रथाचे बैल, सामानाच्या गाड्यांची जनावरे, दिंडीमागे आपण होऊन चालत येणारे एखादे कुत्रे. मुक्कामाला पोचल्यावर आपण पाय चेपून घेतो. त्या बैलाच्या खांद्यावर हात फिरवून सूज आहे का, एवढे पाहावे. आपल्या पत्रावळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या रानात टाकू नयेत, कारण आपण पुढे गेल्यावर त्या गाईच्या पोटात जातात. आणि वारीहून परत आल्यावर आपल्या तालुक्याच्या गोरक्षणात एकदा जाऊन यावे. देणगी द्यावी, पण तेवढ्यावर सुटू नये. एक सकाळ शेण काढावे. शेणाच्या पाटीखाली मान वाकली की देवापुढे ती वेगळी वाकवावी लागत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आमची आजी आज नाही, तो बैलही नाही. त्याचे दावे मात्र आम्ही अजून जपून ठेवले आहे. पोळ्याला ते काढतो, पुसतो आणि त्या दिवशी एका गाडीभर कुटार जवळच्या गोरक्षणात पोचवून येतो. ह्याने फिटत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण बाबांच्या चरित्रातून आम्ही जर काही शिकलो असू, तर ते इतकेच की फिटत नाही म्हणून हात आखडावयाचा नसतो.

रामकृष्णहरि.